ओगिवाराबाईंच्या बागेतला बगळा

तोकुजी इनागाकी निवृत्त झाला आणि आपलं घर लहान आहे हे त्याच्या बायकोला पहिल्यांदा कळलं. इतकी वर्षं तो पहाटे गावची बस चालवायला जायचा, संध्याकाळी यायचा, जेवायचा आणि झोपायचा. तेवढ्यापुरतं घर पुरत होतं. आता तो सकाळपासून रजई पांघरलेल्या गरम टेबलाखाली पाय सोडून बसलेला असायचा. फुमिए झाडायला आली की पाय उचलायचा. घरकामातला त्याचा वाटा एवढाच.

नोव्हेंबर संपत आला होता. फुमिए बाजारातून आली आणि पिशवीतले मुळे काढता काढता म्हणाली, "उद्यापासून दुपारी तुम्हाला ओगिवाराबाईंकडे जायचंय."

"कशाला?"

"वाचून दाखवायला. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशन मार्चमध्ये करणार. बर्फातून कानाझावाच्या दवाखान्यात जाणार नाही म्हणतात. वाचायला ज्या बाई यायच्या त्या पाय घसरून पडल्या."

"मला वाचून दाखवता येत नाही."

"बसमध्ये स्टॉपची नावं काय मी पुकारत होते?"

"ते वेगळं."

"मी हो म्हणून आलेय," फुमिए म्हणाली आणि मुळे धुवायला घेतले. विषय संपला.

ओगिवारांचा मिसोचा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा, कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती. मागे राहिलं होतं ते घर, घरामागची बाग आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या मित्सु ओगिवारा. गावातली माणसं अजूनही त्या फाटकावरून जाताना आवाज खाली आणायची. बाई तोकुजीच्या बसमध्ये कधीच चढल्या नव्हत्या. त्यामुळे त्यांच्याशी काय बोलावं हे त्याला ठाऊक नव्हतं. ज्या चढायच्या त्यांच्याशीही तो बोलत नसे, ही गोष्ट वेगळी.

बाई बागेकडच्या खोलीत बसत. समोर पडवी, पडवीला काचेची सरकती दारं आणि त्यापलीकडे बाग. शेगडीवर किटली होती. बाई कापसाचा जाड कोट घालून, पाठ ताठ ठेवून बागेकडे तोंड करून बसल्या होत्या. सगळं दिसतंय अशाच.

"आधी बाग," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"बागेत आज काय आहे ते सांगा. मग वाचा. मला नुसता उजेड आणि अंधार कळतो."

तोकुजीने काचेतून पाहिलं. "पाइन आहे."

"ते माझ्या लग्नाआधीपासून आहे."

"तळं आहे. दगडी दिवा आहे." त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "अडथळा काही नाही."

बाईंनी कोट सारखा केला. "वाचा," म्हणाल्या.

पुस्तक म्हणजे एका मीठवाल्या व्यापाऱ्याची जुनी कादंबरी होती, पाच जाड खंडांची. बाईंच्या नवऱ्याने ती हौसेने घेतली होती आणि तो न वाचताच गेला होता. तोकुजीने आयुष्यभर माइकमध्ये स्टॉपची नावं पुकारली होती. त्यामुळे प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्याचा आवाज वर जायचा आणि मग तो थांबायचा, कुणाला उतरायचं असेल तर उतरू दे म्हणून. पहिल्याच प्रकरणात व्यापाऱ्याचा भाऊ मारला गेला. ते वाचून झाल्यावर बाईंनी विचारलं, "मेला का तो?"

"मेला."

"मग तसं वाटू तरी द्या."

"तलवार लागली असं लिहिलंय. मी वाचलं तसं."

"वाचलंत," बाई म्हणाल्या. "पुढे चला."

डिसेंबरात समुद्राकडून ढग गडगडले. आमच्याकडे असा गडगडाट झाला की बर्फ येणार म्हणून लोक दारातली फावडी हाताशी ठेवतात. त्या आठवड्यात बर्फ आला, ओला आणि जड. माळी कानेदा आधीच येऊन पाइनला दोऱ्या बांधून गेला होता. झाडाच्या मध्ये उंच खांब आणि त्याच्या टोकापासून एकेका फांदीला एकेक दोरी, उघड्या छत्रीच्या काड्यांसारखी, म्हणजे बर्फाच्या भाराने फांदी मोडत नाही.

तोकुजीचा रोजचा अहवाल आता जरा लांबला. "मागची पायवाट बंद. दिव्यावर भार आहे. वारा समोरून. फार लांबचं दिसत नाही."

"इनागाकीसान," बाई म्हणाल्या, "मला बाग ओलांडून पलीकडच्या गावाला जायचं नाहीये."

"मग काय सांगू?"

"बर्फ कसा आहे?"

"पांढरा."

"काल पडलेला आणि आज पडलेला, दोन्ही सारखेच पांढरे आहेत?"

असलं काही त्याला कुणी कधी विचारलं नव्हतं. त्याने नीट पाहिलं. सारखे नव्हते. कालचा जरा राखट होऊन खाली बसला होता आणि आजचा त्याच्यावर वेगळा दिसत होता, जुन्या गादीवर नवी चादर टाकावी तसा. त्याने ते सांगितलं, थोड्या नाराजीनेच.

"बघा," बाई म्हणाल्या. "येतंय की तुम्हाला."

घरी आल्यावर तोकुजी जेवताना फुमिएला म्हणाला, "त्या बाईंना माणसाशी बोलायची रीत नाही." पण दुसऱ्या दिवशी तो जरा लवकरच निघाला.

नवीन वर्षाचे दिवस गेले आणि बाईंची तोयामाची शाळेतली मैत्रीण वारली. फोन आला तेव्हा तोकुजी तिथेच होता. बाईंनी ऐकून घेतलं, आभार मानले आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवसापासून त्या बागेकडे पाठ करून बसू लागल्या. बाग नको, पुस्तकही नको. ओसाकाच्या भाचीने संत्र्यांची पेटी पाठवली होती, ती तशीच बंद होती. चहा दिला की समोर गार व्हायचा. तोकुजी आपला काचेतून बघत बसायचा आणि वेळ झाली की घरी जायचा.

त्याला कुणाचं सांत्वन करता येत नसे. बसमध्ये कुणी रडायला लागलं तर तो हीटर वाढवायचा. इथेही त्याने शेगडी वाढवली. काही फरक पडला नाही. तिसऱ्या दिवशीही चहा गार झाला तेव्हा त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"बगळा आलाय."

बाईंनी मान वळवली. "कुठे?"

"तळ्यापाशी."

"कसला?"

"राखी. मोठा." आदल्या दिवशी त्याने पुलावरून नदीत एक पाहिला होता. म्हणून एवढं तरी सांगता आलं.

"काय करतोय?"

"उभा आहे."

बाई हळूहळू पूर्ण वळल्या, बागेकडे. "अजून आहे?"

"आहे."

त्यांनी चहाची वाटी उचलली. "हा गार झालाय," त्या म्हणाल्या. "दुसरा करा."

दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं ते आधी बगळा, मग बाग. तोकुजी म्हणाला, आज नाही आला. बाईंचा चेहरा उतरला. तोकुजीने दोन पानं वाचली, घसा खाकरला आणि म्हणाला, "आला." त्यानंतर तो रोज येऊ लागला. कधी उशिरा, कधी लवकर, पण यायचाच.

तोकुजी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःहून वाचनालयात गेला आणि पक्ष्यांचं पुस्तक घेऊन बसला. राखी बगळा माणसाच्या तळ्यावर येतो तो मासे खायला, असं त्यात होतं. नुसता उभं राहायला येणाऱ्या बगळ्याचा उल्लेख कुठेच नव्हता.

ही गोष्ट बाईंच्याही लक्षात आलीच. "माझे मासे?" त्यांनी विचारलं. तळ्यात त्यांचे कोई जातीचे रंगीत मासे होते, जुने, हातभर लांब.

"तळाशी आहेत. थंडीत हलत नाहीत."

"आणि हा खात नाही?"

"नाही."

"मग येतो कशाला?"

"वय झालंय त्याचं," तोकुजी म्हणाला. "घरात बसवत नसेल."

"तुमच्या ओळखीतला दिसतोय."

किटलीचं पाणी उकळत होतं. थोड्या वेळाने बाई म्हणाल्या, "आमचे हेसुद्धा तिथेच उभे राहायचे. कारखाना बंद करायचं ठरलं त्या हिवाळ्यात. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. रोज दुपारी तळ्यापाशी जाऊन उभे. मला वाटायचं, मासे बघतायत. मी इथून ओरडायची, गारठाल, आत या. ते म्हणायचे, आलो. येत नसत."

"मग?"

"मग काय. सर्दी झाली."

तोकुजीने शेगडीकडे पाहिलं. ती वाढवलेलीच होती.

"मी एकदाही बाहेर जाऊन शेजारी उभी राहिले नाही," बाई म्हणाल्या. "चपला पडवीतच होत्या. आता तिथे कुणीतरी उभं आहे म्हटलं की जरा बरं वाटतं. वाचा."

त्या दिवशी तोकुजीने वाचलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही. घरी येऊन तो जेवला नाही. फुमिएने विचारलं, पोट बिघडलंय का? तो म्हणाला, हो.

आता बगळा काढून घेता येत नव्हता. आणि ठेवायचा तर तो कुठल्या दगडाजवळ उभा आहे, वारा कुठून येतोय, त्याच्यामागे काय दिसतंय, हे सगळं रोज जुळायला हवं होतं. बाईंच्या सगळं लक्षात राहायचं. म्हणून तोकुजी बगळ्याच्या आजूबाजूची जागा नीट बघू लागला. छपरावरून ठिबकणाऱ्या पाण्याने शेवाळात बोटाएवढं भोक पाडलं होतं. दगडी दिव्याच्या टोपीची एक कड तुटलेली होती. बर्फ वितळून घसरला की तिथूनच घसरायचा. लाल फळांच्या झुडपावर डोकं पिंजारलेला बुलबुल यायचा आणि कुणी हिसकावून घेईल अशा घाईने खायचा. ऊन पडलं की पाइनच्या दोऱ्यांच्या सावल्या बर्फावर पडायच्या, सरळ आणि बारीक, आणि तासाभरात दिव्यापासून तळ्यापर्यंत सरकायच्या. हे सगळं तो सांगायचा. सांगताना त्याचा आवाज वर जात नसे. बाई डोळे मिटून ऐकायच्या. पुस्तकाला कधीकधी वेळच उरायचा नाही.

बाईंनी बगळ्याचं सगळ्यांना सांगितलं. भाजीवाल्याला, डॉक्टरांना, फोनवर भाचीलाही. ते वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष होरिउची यांच्या कानावर गेलं. होरिउचींचा पूर्वी फोटो स्टुडिओ होता. ते लांब नळीचा कॅमेरा आणि तिपाई घेऊन आले आणि पडवीत ठाण मांडून बसले. रोजच येऊ लागले. ते असेपर्यंत बगळा यायचा नाही, ते गेले की मगच यायचा.

"तुम्हाला बिचकतोय," तोकुजी म्हणाला.

"असेल," होरिउची म्हणाले.

ते शेवटचे आले त्या दिवशी तोकुजी त्यांना सोडायला दारापर्यंत गेला. होरिउची गमबूट चढवत खाली बघूनच बोलले. "इनागाकीसान, काल बर्फ पडला नाही. तळ्याकाठचा बर्फ परवाचाच आहे. त्यावर मांजराची पावलं आहेत, बुलबुलाची आहेत. बगळ्याचं पाऊल केवढं असतं?"

तोकुजीने हाताचा पंजा पसरून दाखवला.

"हं," होरिउची म्हणाले. दुसरा बूट चढवला. "गाडी तुम्ही चांगली चालवायचात. कधी ठोकली नाहीत."

"नाही."

"मग सावकाश थांबवा," असं म्हणून ते तिपाई खांद्यावर टाकून निघून गेले.

त्या रात्री तोकुजीने ठरवलं, उद्या सांगायचं. दुसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, ऑपरेशनची तारीख आली. त्याने ठरवलं, परवा सांगायचं. त्या दिवशी बाईंनी त्याच्यासाठी रताळं भाजून ठेवलं होतं. रताळं खाऊन झाल्यावर सांगणं त्याला बरं दिसेना. असं करता करता फेब्रुवारी संपत आला. छपरावरचा बर्फ धपकन पडू लागला आणि तळ्यावरची बर्फाची साय मधून मधून फाटली.

एका दुपारी तो चौथा खंड उघडून बसला होता. बाग सांगून झाली होती, बगळा अजून सांगायचा होता. तेवढ्यात वरून काहीतरी राखी रंगाचं आलं. भिंतीवरून उतरलं, पंख आवरले आणि तळ्याच्या कडेला उभं राहिलं. नदीवरच्यापेक्षा मोठा होता. मान आत घेऊन, एक पाऊल उचलून, थांबून, दुसरं टाकत तो पाण्यात उतरला. तोकुजीचं वाचणं थांबलं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"बगळा आलाय."

"तो रोज येतो."

"आज खरंच आलाय," तोकुजी म्हणाला.

बाहेर पाण्यात फटका बसल्याचा आवाज झाला.

"तो काय करतोय?" बाईंचा आवाज अगदी सपाट होता.

"मासा धरलाय."

"कुठला?"

"लाल-पांढरा. मोठा."

"तो आमच्या ह्यांनी आणलेला," बाई म्हणाल्या. "मग बसलात काय. जा."

तोकुजीने दार सरकवलं आणि मोजे घातलेल्या पायांनीच बर्फात उडी टाकली. हातात चौथा खंड होता. तो टाकून द्यायचं त्याला सुचलं नाही. तो ओरडत धावला. काय ओरडला ते त्याला आठवत नाही, पण शेजारच्या बाई सांगतात की 'थांबा, थांबा, दार बंद होतंय' असं काहीतरी होतं. बगळ्याने त्याच्याकडे पाहिलं. चोचीत मासा आडवा तडफडत होता. तोकुजीने खंड फेकला. तो बगळ्याला लागला नाही, पण पक्षी दचकला, मासा बर्फावर पडला, आणि एक घसा बसल्यासारखा आवाज काढून पक्षी भिंतीवरून गेला. तोकुजी मासा उचलायला वाकला, उचलला, काठावरून घसरला आणि माशासकट तळ्यात गेला. पाणी कमरेपर्यंत होतं. माशाच्या पाठीवर लांब जखम होती. तो हातातून सुटला आणि तळाशी गेला.

चिंब होऊन तोकुजी पडवीत येऊन उभा राहिला. बाई काचेपर्यंत आल्या होत्या.

"जिवंत आहे?"

"मासा? आहे."

"म्हणजे जानेवारीतला," बाई म्हणाल्या, "तो नव्हता."

"नाही."

"एकही दिवस नव्हता?"

"नाही."

बाईंचा हात काचेवर होता. "घरी जा," त्या म्हणाल्या. "गारठाल."

तोकुजीला ताप आला. फुमिएने त्याला सगळं विचारून घेतलं. ऐकून झाल्यावर ती काही बोलली नाही, आणि हे वाईट लक्षण होतं. मग लोणच्याचा डबा घेऊन ती माफी मागायला ओगिवाराबाईंकडे गेली. परतायला तिला फार उशीर झाला.

"काय म्हणाल्या?" तोकुजीने पांघरुणातून विचारलं.

"मला वाचायला सांगितलं. मी वाचलं. तुमच्यापेक्षा बरं वाचते म्हणाल्या."

"आणि माझ्याबद्दल?"

"काही नाही."

तोकुजीने भिंतीकडे तोंड केलं. ताप उतरला तरी तो कुठे गेला नाही. पुन्हा गरम टेबलाखाली पाय सोडून बसला आणि फुमिए आली की पाय उचलू लागला. मार्चमध्ये बाईंची भाची ओसाकाहून आली आणि त्यांना कानाझावाला घेऊन गेली. दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. बाई परत आल्या आणि काही दिवसांनी भाचीचा फोन आला, मावशीने इनागाकीसानना बोलावलंय. फुमिएने त्याला इस्त्रीचा शर्ट काढून दिला.

बाई त्याच जागी बसल्या होत्या. डोळ्यांना मोठा काळा चष्मा होता. तो काढून त्यांनी तोकुजीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आवाजावरून मला बारीक माणूस वाटला होता," त्या म्हणाल्या. "बसा."

बाहेर कानेदा शिडीवर चढून पाइनच्या दोऱ्या सोडवत होता. बर्फ फक्त भिंतीच्या सावलीत उरला होता.

"मला राग आला होता," बाई म्हणाल्या. "अजून आहे."

"हो."

"इथे आल्यावर मी पहिल्यांदा सगळं तपासलं. शेवाळात भोक आहे. दिव्याची कड तुटलीय, ते मला एवढ्या वर्षांत माहीत नव्हतं. बुलबुल येतो आणि तसाच हावरटासारखा खातो. म्हणजे बगळा सोडला तर बाकी सगळं बरोबर होतं."

"हो."

"मग बगळा कशाला घातलात मध्ये?"

तोकुजीने विचार केला. "तुम्ही चहा घेत नव्हतात," तो म्हणाला.

"तेवढ्यासाठी?"

"दुसरं काही सुचलं नाही."

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ठेवला. मग उठल्या, पडवीतल्या चपला पायात घातल्या आणि सावकाश तळ्यापाशी गेल्या. तोकुजीही गेला. दोघं काठावर उभी राहिली. लाल-पांढरा मासा वर आला. पाठीवर पांढरी रेघ राहिली होती. बाईंनी खाली वाकून ती पाहिली, आणि तोकुजीने त्यांचा तोल जाऊ नये म्हणून कोपर धरलं. त्यांनी ते सोडवून घेतलं नाही. शिडीवरून कानेदा म्हणाला, "बाई, तळ्यावर जाळी टाकून देऊ का?" बाई म्हणाल्या, "दे टाकून. दिसायला वाईट दिसेल, पण टाक."

आता बाईंना स्वतः वाचता येतं. पाचवा खंड त्यांनी एप्रिलमध्येच संपवला आणि तोकुजी आल्या आल्या त्याला मीठवाल्याचं शेवटी काय झालं ते सांगून टाकलं. त्याने विचारलंही नव्हतं. तो त्यावर आठवडाभर रुसून होता. तरी दर गुरुवारी जातोच. दोघं बागेकडे तोंड करून बसतात आणि जाळीची सावली हिरवट आहे की निळसर, यावर वाद घालतात.

फुमिएची तक्रार वेगळीच आहे. बाजारात जायला निघालं की हा माणूस लोकांच्या कुंपणांपाशी थांबतो. पानं बघतो, भिंतीवरची ओल बघतो, पुढे यायचं नावच घेत नाही. परवा डॉक्टरांच्या बायकोने दारातून डोकावून विचारलं, काही हरवलंय का यांचं?

"मी म्हटलं, नाही हो," फुमिए सांगते. "म्हटलं, हल्ली घरीही असंच चालतं. तुम्ही आत जा, ते निघतील थोड्या वेळाने."